सुईवरचा आळ

"बाई, थोडं वळवा. रेघ वळतेय," मी म्हटलं.

"कुठे वळतेय?" बाईंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं की जणू कुणी हिसकावून पळणार आहे. "सरळ आहे रेघ."

"वळतेय हो. त्या खांबाच्या अलीकडे बघा ना."

"अहो मॅडम, जन्मभर पोरांना भूमिती शिकवलीय मी. सरळ रेघ कशाला म्हणतात ते मला कळतं."

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. तो मी दाबला आणि गाडी कडेला घ्यायला लावली. या बाई शाळेतून निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला आलेल्या. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना भूमितीच्या बाई म्हणत. दोघींनाही रागवायची सवय, त्यामुळे आमचा तास म्हणजे एका वर्गात दोन शिक्षिका. पण त्या दिवशी त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "एक डोळा झाका. आता बघा. सरळ? बरं, आता दुसरा झाका." डावा डोळा झाकला आणि उजव्याने पाहिलं, तर रस्त्यावरची पांढरी रेघ मध्यावर फुगली होती, चादरीखाली काहीतरी राहून गेल्यासारखी. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या सरळ, कडक नाकाला मधोमध एक कुबड आलं होतं. मला आधी हसूच आलं. बाईंना वाटलं मी त्यांना हसतेय. मग माझं हसू आपोआप विझलं, कारण मला समजलं होतं काय झालंय ते. आमच्या घरात हे असंच सुरू होतं. आधी मधलं वाकतं, मग मधलं पुसतं, आणि शेवटी फक्त कडा राहतात. भीती नंतर आली, आधी राग आला. हे मला कसं? शेजाऱ्याच्या नावाची नोटीस आपल्या दारावर चिकटवून कुणी निघून जावं, तसला तो राग होता. माझा काय संबंध? मी तर सगळा जन्म लांब बघण्यात काढलेला. बाईंनी किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता कुणीच चालवायची नाही. आपण दोघी चालत जाऊ." मी निमूटपणे उतरले. एरवी माझ्या गाडीतली किल्ली काढायची कुणाची हिंमत होत नाही.

माझे बाबा रफूगार होते. बाबा आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, दोघं एका अरुंद दुकानात समोरासमोर बसत, मध्ये खिडकी. लोक जळालेले कोट आणायचे, कसरीने खाल्लेल्या शाली आणायचे, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी आणायचे. बाबा कापडाच्या आतल्या शिवणीतून किंवा दुमडलेल्या काठातून त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे आणि भोकाच्या जागी ते एकेक करून विणायचे, उभे आधी, मग आडवे, एक वर, एक खाली, मूळ वीण जशी असेल तशी. बाहेरचा धागा वापरायचा नाही, हा त्यांचा बाणा. कपडा तयार झाला की गिऱ्हाइकापुढे टाकायचे आणि म्हणायचे, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात धरून, उलटंपालटं करून शोधत बसायचं, आणि आत्या तोंडावर हात ठेवून हसायची. बोलण्यात आत्या बाबांच्या वरताण होती. एकदा एका माणसाने कोटाच्या पाठीवर बोट ठेवून "हे बघा सापडलं" म्हटलं, तर आत्या म्हणाली, "तो डाग आहे हो, तुमच्या घरचा. तो आम्ही नाही काढत." पुढे आत्याला सुईचं नेढं दिसेना. बाबा सकाळी आल्या आल्या तिच्यासाठी सुयांमध्ये धागे ओवून उशीत रांगेने टोचून ठेवायचे, तिला मागावं लागू नये म्हणून. ती त्याबद्दल काही बोलायची नाही, तेही बोलायचे नाहीत. मग तिला धागाच दिसेना. ती दुकानात यायची, समोर बसायची, गप्पा मारायची, हात मांडीवर. त्यानंतर काही वर्षांनी बाबांचंही मधलं गेलं. तोवर आत्या नव्हती.

आमच्या घरात याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धाग्याने डोळे खाल्ले. यात शंका घ्यायला जागाच नव्हती: घरात दोनच माणसं सुई धरणारी, आणि दोघांचेच डोळे गेले. आईचे शाबूत, काकांचे शाबूत. एका डॉक्टरने आत्याला अशक्तपणा सांगितला होता, दुसऱ्याने बाबांना वय सांगितलं. बाबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि घरी येऊन म्हणाले, "यांना काय कळतंय. काम आम्ही केलंय." या बाबतीत ते कुणाचं ऐकणारे नव्हते. आणि याच कारणाने त्यांनी मला सुईपासून तोडलं. मी लहान असताना शाळेतून सुटले की दुकानात जाऊन बसायची. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. आत्याचे डोळे अधू व्हायला लागलेले ते दिवस. मी माझ्याच रुमालाला मुद्दाम भोक पाडलं, ते भरलं आणि बाबांपुढे टाकून म्हटलं, "शोधा." त्यांनी रुमाल खिडकीशी नेला. बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात पुन्हा कधी पाहिलं नाही. म्हणजे आनंदच होता तो, पण क्षणभरच. नंतर त्यांनी समोर बसलेल्या आत्याकडे पाहिलं, ती अंदाजाने धागा चाचपत होती, आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. "आजपासून नाही," म्हणाले. मी भोकाड पसरलं. त्यांनी मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं, पार टोकाला दिसणारी पाण्याची टाकी दाखवली आणि म्हणाले, "तिकडे बघ. लांब बघायचं काम कर तू." त्यानंतर त्या घरात सुई माझ्या हाताला लागली नाही. फ्रॉकचं बटण तुटलं तर आई लावायची. लग्न झाल्यावर नवरा लावायला लागला. अजूनही तोच लावतो, आणि चारचौघांत सांगतो की हुंड्यात बायकोने सुईची मनाई आणली. मी लांब बघायचं काम शोधलं आणि ते मला जमलंही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच सांगते: बॉनेटकडे बघू नका, लांब बघा, गाडी आपोआप सरळ जाते. सांगताना आवाज माझा असतो, पण वाक्य बाबांचं. कधीकधी, सिग्नलला थांबल्यावर, पुढच्या माणसाच्या कोटाची शिवण उसवलेली दिसली की माझी बोटं एकमेकांवर घासायला लागतात. शेजारी बसलेल्याला वाटतं मॅडमना घाई झालीय.

डोळ्यांची डॉक्टर माझ्यापेक्षा बरीच लहान होती, आणि तिला भयंकर सर्दी झाली होती. तिने डोळ्यांत थेंब टाकले, बाहेर बसवलं, मग आत घेऊन हनुवटी टेकवायला लावली आणि भिंगातून माझ्या डोळ्याच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिली. इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं हिला शिंक येतेय. मग तिने दिवा बंद केला, खोलीतला लावला, आणि म्हणाली, "स्कार्फ काढा जरा. गळा बघू."

"डोळ्यांच्या डॉक्टरला गळा कशाला?" मी म्हटलं.

"काढा तर."

आमच्या घरचा गळा हा एक स्वतंत्र विषय आहे. बाबांचा, आत्याचा आणि माझा गळा सारखा: दोन्ही बाजूंना बारीक पिवळसर दाणे, एकाला एक लागून, आणि वय वाढेल तशी कातडी सैल. काखेतही तसंच, कोपराच्या आत तसंच. शाळेत मुली मला सोललेली कोंबडी म्हणत. आई आंघोळ घालताना खसाखसा घासायची आणि वैतागून म्हणायची, "ही तुझ्या बापाच्या घरची वीण. जाता जात नाही." पण त्याने दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, त्यामुळे गळा गळ्याच्या जागी राहिला आणि डोळे डोळ्यांच्या जागी. कुणीच कधी कुणाला दोन्ही एकदम दाखवले नाहीत. कातडीच्या डॉक्टरने मलम दिलं, डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा. आता या सर्दीवालीने माझ्या मानेवरून बोट फिरवलं आणि विचारायला सुरुवात केली. घरात आणखी कुणाचा गळा असा आहे? त्यांचे डोळे कसे आहेत? चालताना कुणाच्या पोटऱ्या दुखतात? कुणाला रक्ताची उलटी झाली होती? मी उत्तरं देत गेले आणि देता देता माझा आवाज मलाच लांबून यायला लागला. कारण बाबा चालताना थांबतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. थोडं चाललं की एखाद्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहतात. आई म्हणायची, यांना मेली दुकानं बघायची हौस. डोळ्यांना काही दिसेनासं झाल्यावरही माझा बाप दुकानांच्या काचांपुढे उभा राहत होता, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आत्या गेली ती तर दुकानातच, रक्ताची उलटी होऊन. अल्सर असेल, म्हणाले लोक.

"एकच आहे हे सगळं," डॉक्टर म्हणाली. त्याचं नाव तिने सांगितलं, स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम, आणि ते घेताना मध्ये नाक पुसायला थांबली. आपल्या शरीरात ताणले तरी पुन्हा जागेवर येणारे बारीक धागे असतात, ती म्हणाली. कातडीत असतात, डोळ्याच्या पडद्यामागे असतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात. काही घराण्यांत ते कडक होत जातात, त्यांच्यात चुन्यासारखं काही साठतं, मग तुटतात. गळ्यावर दाणे दिसतात, डोळ्यात मागे भेगा पडतात, आणि त्या भेगांतून नको तिथे रक्त झिरपतं. तुमची रेघ त्याच्यामुळे फुगली. मी विचारलं, "म्हणजे धागेच?" ती म्हणाली, "हो, एक प्रकारे." मी विचारलं, "आणि सुईकाम? बारीक काम केल्याने होतं का हे?" ती हसली. "छे. त्याचा काय संबंध? जन्मतःच असतं. तुम्ही जन्मभर आकाशाकडे बघत बसला असतात तरी झालं असतं." मग तिने बाकीचं सांगितलं. वडिलांना आहे म्हणजे त्यांच्याकडून येणारच, पण तेवढ्याने भागत नाही, आईकडूनही यावं लागतं. आई वरून धडधाकट दिसते, तिच्यात ते अर्धं लपून असतं. मी म्हटलं, आई बाबांच्या लांबच्या नात्यातलीच. तिने मान डोलावली. डाव्या डोळ्यात अजून काही झिरपलेलं नाही, उजव्याचं थोपवता येईल, पण वेळ घालवायचा नाही. डोक्याला, डोळ्याला मार लागू द्यायचा नाही. गाडी सध्या बंद. पुन्हा कधी, ते नंतर बघू. "आणि डोळ्यात सुई द्यावी लागेल," ती म्हणाली. "घाबरू नका, कळतसुद्धा नाही." मला हसू फुटलं. इतकं, की बाहेर बसलेला नवरा दार ढकलून आत आला. जिच्या बापाने तिला सुई धरूही दिली नाही, तिच्या डोळ्यातच आता सुई घालणार, आणि तीही डोळा वाचवायला. नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं नाही. तो माझा हात धरून उभा राहिला, आणि मग माझंही हसू थांबलं.

सुई दिली त्या दिवशी खरंच काही कळलं नाही. छताचा दिवा, थंड काहीतरी, आणि पाण्यात शाई टाकल्यासारखे काळे ठिपके. घरी येऊन पडून राहिले. गाडी नाही, तास नाहीत, दिवसभर ओरडायला कुणी नाही. स्कूलच्या मालकाने सांगून पाठवलं होतं, बरं वाटेपर्यंत ऑफिसात बसा, म्हणजे फोन घ्या. बरं. पण पडल्या पडल्या मी माझ्या नोकरीचा विचार करत नव्हते. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती: बाबांना सांगायचं का? सुईने डोळे जात नाहीत हे त्यांना सांगितलं, तर त्यांच्या उरावरून एक धोंड उतरेल. ती धोंड मला माहीत होती. कुणी त्यांच्या कामाची आठवण काढली, कुणी म्हटलं की तुमच्यासारखा हात नाही, की बाबा मान खाली घालून एकच वाक्य म्हणायचे, "धाकटीला मी बसवलं." ती शिकायला तयार नव्हती, तिला दुसरं काही करायचं होतं, बाबांनी हट्टाने तिला समोर बसवलं होतं, घरातलं काम घरात राहावं म्हणून. मी बसवलं. या दोन शब्दांत त्यांचं सगळं म्हातारपण गेलं. पण हे सांगायचं तर दुसरंही त्यातच येतं. मला उठवलं तेही उगाचच. लहानपणी दंडाला धरून रस्त्यावर आणलं ते, पाण्याची टाकी दाखवली ती, माझ्या रिकाम्या बोटांचा हा जन्म, सगळं फुकट. एका हाताने धोंड काढायची आणि दुसऱ्या हाताने दुसरी ठेवायची. नवरा म्हणाला, "नको सांगूस. म्हातारा माणूस, उगाच कशाला?" मी म्हटलं, "तुला धोंड एकच दिसतेय." खरं तर मला स्वतःला नेमकं काय हवं होतं तेही धड कळत नव्हतं. बाबांनी सुटावं असं वाटत होतं, आणि त्यांनी एकदा तरी माझ्यापुढे चुकलो म्हणावं असंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि या दुसऱ्या इच्छेची लाजही वाटत होती.

शेवटी गेले. दुपारची वेळ. बाबा खिडकीशी खुर्चीत, रेडिओ हळू लावलेला, आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बाबांच्या बाजूला बसले, कारण समोर बसलं की त्यांना दिसत नाही. कडेने मी दिसते. त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"आज गाडी नाही?"

"नाही बाबा. डोळे दाखवून आले. उजव्याचं मधलं हलतंय."

त्यांनी रेडिओ बंद केला. आईच्या हातातली चादर तशीच अर्धी घडी होऊन राहिली.

"घरी काय करतेस तू?" बाबांचा आवाज चढला. "शिवतेस? नवरा बटणं लावतो म्हणतेस ते खरं ना?"

"खरं आहे. ऐका तर आधी."

मी सगळं सांगितलं. धाग्यांचं, चुन्याचं, भेगांचं. आत्याच्या उलटीचं, त्यांच्या पोटऱ्यांचं. बाबा मधेच म्हणाले, "पोटऱ्या सगळ्यांच्याच दुखतात." मी म्हटलं, "नाही दुखत." त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "इकडे ये." मी त्यांच्यापुढे वाकले. त्यांनी माझा स्कार्फ सोडला आणि गळ्यावर दोन बोटं ठेवून हळूहळू फिरवली, जसे ते नव्या कपड्यावरून फिरवायचे, वीण ओळखायला. आजवर त्यांनी माझ्या गळ्याला कधी हात लावला नव्हता. "आहे," ते म्हणाले. "धाकटीचा असाच होता."

"आणि आई," मी म्हटलं, "ते तुझ्याकडूनही आलंय."

"माझ्याकडून?" आई ताडकन उभी राहिली. "माझ्या माहेरी एकाचाही गळा असा नाही. विचार कुणालाही!"

"दिसत नाही तुमच्यात. लपून असतं. पण तुझं आणि बाबांचं मिळूनच मला झालंय."

आई खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं यांच्या घरच्या विणीला नावं ठेवत आले." बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. एरवी त्यांनी हा मोका सोडला नसता.

"डॉक्टर काहीही बोलतात," ते म्हणाले. "आम्हालाही बोलले होते. त्यांच्या बोलण्यावर नको जाऊ. मला तू सांग." त्यांनी माझं मनगट धरलं. "तुला मी सुईपासून तोडलं. बरोबर? आणि तरी तुला झालं म्हणतेस. मग मला खरं सांग. चोरून कधी धरलीस? मी रागावणार नाही. एकदा तरी? कुठेही, कशासाठीही?"

तेव्हा मला कळलं की माझ्या हातात काय आहे. डॉक्टरचा शब्द त्यांच्या लेखी कवडीमोलाचा होता. त्यांना पटेल असा पुरावा जगात एकच होता, आणि तो मी होते. जिने सुई धरलीच नाही आणि तरी जिचं मधलं गेलं, अशी एक बाई. मी एकदा जरी हो म्हटलं असतं, तरी त्यांच्या मते सगळं जुळलं असतं: धरली ना, मग गेले डोळे. आणि मी धरली होती. लग्नाआधी मी दुसऱ्या शहरात गाडीचं शिक्षण घेत होते, एका घरात वरच्या मजल्यावर खोली होती. शेजारच्या खोलीत एक नर्स राहायची. थंडीचे दिवस, आणि तिच्याकडे एकच लोकरी कोट, गडद हिरवा, ज्याच्या ऐन छातीवर इस्त्रीने भोक पाडलेलं. ती त्यावर पिशवी धरून चालायची. मी तिला म्हटलं, दे इकडे. का म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं. कितीतरी रविवार मी खिडकीत बसून तो कोट केला. आतल्या काठातून धागे ओढले, उभे भरले, आडवे भरले. त्या कापडाची वीण तिरपी होती, दोन वर, एक खाली, आणि दरवेळी एका धाग्याने सरकायची. मी चुकायची, उसवायची, पुन्हा भरायची. कुणी विचारलं असतं तर तहान, भूक, वेळ काही मी सांगू शकले नसते. नर्स येऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि न बोलता जायची. शेवटी तिने तो घातला आणि आरशात छातीवर हात फिरवत शोधत राहिली. नंतर तो कोट जिन्यातल्या खुंटीला टांगलेला असताना मीच एकदा जवळ जाऊन पाहिलं. मला सापडलं नाही. मीच केलेलं मलाच सापडलं नाही. जिन्यात उभी राहून मी एकटीच हसले होते. त्या दिवसाइतका आनंद मला पुढे कशानेच झाला नाही, लग्नानेही नाही, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कितीदा वाटलं होतं की बाबांना सांगावं. आज ना उद्या सांगू, त्यांचा राग निवळला की सांगू, म्हणून ठेवून दिलं होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "कधीच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्यांनी मनगट सोडलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा उघडत गेला. "अगं, ऐकलंस का?" ते आईला ओरडून म्हणाले. "हिने सुईला हात नाही लावला, आणि तरी हिला झालं! तरी झालं!" असं म्हणाले की एखाद्याला वाटावं पोरीला बढती मिळाली.

"अहो, हळू," आई म्हणाली. "पोरीच्या डोळ्यांचं आहे ते. आनंदाने काय ओरडताय?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यांनी पुसलं नाही. "म्हणजे धाकटीचे मी नाही घालवले," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. आईने उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मग बाबांनी अंदाजाने माझा हात शोधला, उलटा केला, आणि माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली.

"तुझं मात्र मी नुकसान केलं," ते म्हणाले. "तुला उगाच अडवलं. हात होता तुला. धाकटीपेक्षा चांगला होता, मला तेव्हाच कळलं होतं." बोटं त्यांनी सोडली नाहीत. "माझं ऐकायला नको होतंस गं. एकदा तरी चोरून करून बघायचं होतंस. कळलं असतं तुला, काय असतं ते."

"हो बाबा," मी म्हटलं. "राहून गेलं."